बरं म्हणायला बंदी

मास्तरणीला नऊ वर्षांपासून संधिवात होता आणि नऊ वर्षांपासून ती बरी होती. म्हणजे, विचारेल त्याला ती तसं सांगायची. "बरं आहे ना?" "बरं आहे." संपलं. विचारणारा मोकळा, सांगणारी मोकळी.

तशी ती मास्तरीणही नव्हती. कपडे शिवणाऱ्याला लोक टेलरमास्तर म्हणतात, आणि त्या गल्लीत मशीन टाकून बसलेली ती पहिली बाई, म्हणून मास्तरीण. खरी मास्तरीण तिची थोरली बहीण, ताई. ताईने तेहतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतरही ते थांबवलं नव्हतं. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्वदीर्घ ती पर्समधल्या खडूने सुधारायची, आणि दुकानदार आत बसून काही बोलायचे नाहीत, कारण निम्मे तिचेच विद्यार्थी होते.

आता हा संधिवात म्हणजे म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. हा चिवट जातीचा. सकाळी उठावं तर दहाही बोटं लाकडाची झालेली. साडेदहापर्यंत मूठ ना धड मिटते ना धड उघडते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मास्तरणीची मूठ झाकायलाच तीन तास लागत, त्यामुळे तिचा भाव काही ठरत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "हा जाणार नाही. याला धाकात ठेवायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि हातांवर जोर टाकायचा नाही. बोटं एकदा वाकली की परत सरळ होत नाहीत." साडेदहानंतर मात्र ती बोटं हळूहळू माणसात यायची, आणि मग मास्तरीण अशी टीप मारायची की बघणाऱ्याने पट्टी लावून खात्री करावी.

सुरुवातीला ती खरं सांगायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याला हात दाखवला त्याने उपाय सांगितला. एकीने तांब्याचं कडं घालायला सांगितलं, दुसरीने तांब्याच्या जवळही फिरकू नकोस म्हणून बजावलं. पोस्टमनने लसणीवर भर दिला. खिडकीच्या पडद्यांचं माप द्यायला आलेले एक गृहस्थ पाऊण तास स्वतःच्या मेव्हणीच्या गुडघ्यांवर बोलले आणि माप न देताच गेले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली. त्यात ताईने कहर केला. तिने येऊन दुकानाची किल्ली काढून घेतली, कात्री पर्समध्ये टाकली आणि "दुकान बंद. आता फक्त आराम," असा हुकूम सोडून ती निघून गेली.

चार महिने मास्तरीण खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांचे वाईट शिवलेले खांदे बघत राहिली. ते चार महिने तिला दुखण्यापेक्षा जड गेले. पाचव्या महिन्यात ताईने विचारलं, "बरी आहेस ना?" आणि मास्तरीण पहिल्यांदा म्हणाली, "बरी आहे." दुसऱ्या दिवशी किल्ली परत, कात्री परत. इतकं स्वस्त औषध तिला आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं. तिने ते नऊ वर्षं चुकवलं नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलण्यात कच्चा, हाताने पक्का. बायकोला नळ पिळता येत नाही हे त्याने पाहिलं आणि एका रविवारी घरातले सगळे गोल नळ काढून लांब दांड्याचे बसवले, कोपराने ढकलले तरी उघडतील असे. डब्यांची झाकणं तो रोज कामावर जाण्याआधी स्वतः सैल करून ठेवी, आणि ती इतकी सैल असत की उचलायला जावं तर झाकण हातात आणि डबा जमिनीवर. एकदा तर त्याने कामावरची 'लिफ्ट बंद आहे, कृपया जिना वापरावा' ही पाटी आणून तिच्या दुकानाच्या दाराला टांगली. "सकाळी हात चालत नाहीत तेव्हा लावत जा. लोकांना कळेल." लोकांना एवढंच कळलं की आत लिफ्ट आहे. एका आजोबांनी त्या बैठ्या दुकानात दहा मिनिटं जिना शोधला. मास्तरणीने पाटी उचलून मशीनखाली सारली.

नवऱ्याचा एक किस्सा होता, आणि घरात आलेला पाहुणा तो ऐकल्याशिवाय जात नसे. लिफ्टच्या कामाला दोन माणसं लागतात, एक वर मोटरपाशी, एक खाली खड्ड्यात. एकमेकांना दिसत नाहीत, नुसता आवाज. वीस वर्षांपूर्वी त्याने वरून विचारलं, "सोडू का?" खालून जोडीदार म्हणाला, "बरं..." त्याला म्हणायचं होतं, बरं, पण जरा थांब, माझा पाना पडलाय. नवऱ्याने ऐकलं, बरं, सोड. जोडीदार उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. त्याच्या जेवणाच्या डब्याची मात्र ताटली झाली. त्या दिवसापासून दोघांनी नियम केला, कामावर 'बरं' म्हणायला बंदी. काय करायचं ते नेमकं सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं. "दोन वीत खाली सोड." "दोन वीत खाली सोडतोय." मगच हात लावायचा.

किस्सा संपला की तो कपाटातून चपटा डबा काढून दाखवायचा. मग बायकोकडे वळून विचारायचा, "तुला बरं आहे ना?" "बरं आहे," मास्तरीण म्हणायची. आणि नियम करणारा हा गृहस्थ समाधानाने डबा परत कपाटात ठेवायचा.

ताईचा फोन रोज सकाळी साडेआठला यायचा, म्हणजे बरोबर बोटं लाकडाची असताना. मास्तरीण कोपराने बटण दाबून फोन टेबलावरच बोलता ठेवायची. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "बरं." "बरं." दोन बहिणींचं नऊ वर्षांचं संभाषण यात आलं. पण एका सकाळी मास्तरणीकडून जास्तीचं बोललं गेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली होती आणि दोन दिवस मूठ साडेदहाऐवजी दहालाच मिटत होती. त्या आनंदात ती म्हणाली, "या नव्या गोळीने जरा बरं वाटतंय गं."

दुपारपर्यंत सगळ्या नातेवाइकांत झालं, धाकटी बरी झाली. मावशीने अभिनंदनाचा फोन केला. चुलतभावाने फुलं पाठवली आणि ती कोणत्या गोळीने बरी झाली ते विचारलं, त्याच्या सासऱ्यांना पाठ दुखते म्हणून. संध्याकाळी टेम्पो थांबला. त्यातून दोन हमाल, बासष्ट मीटर गर्द लाल मखमल आणि ताई उतरली.

ताईच्या हौशी नाट्यमंडळाला पंचवीस वर्षं झाली होती. तीन आठवड्यांनी मोठा प्रयोग होता आणि सभागृहाचा जुना पडदा इतका विरला होता की त्यातून नट दिसायचे. "नऊ वर्षं तुला एक बटणही लावायला सांगितलं नाही मी," ताई म्हणाली. "तुझ्या दुखण्यात कशाला भर. पण मनात फार होतं, हा पडदा तुझ्याच हातचा हवा. आता बरी झालीस. शिवशील ना?"

मास्तरणीने मखमलीकडे पाहिलं. मखमल म्हणजे वजनाला म्हशीसारखी, आणि मशीनखाली तिला दोन्ही हातांनी ढकलावं लागतं. "बरं..." ती म्हणाली. पुढे तिला म्हणायचं होतं, बरं, पण माझ्या हातांचं जरा ऐक.

"मला माहीतच होतं!" म्हणत ताईने तिला मिठी मारली. हमाल मखमल टाकून निघून गेले.

पुढचे वीस दिवस दुकानात मखमल होती आणि मखमलीत कुठेतरी मास्तरीण होती. गिऱ्हाईक दारातून हाक मारायचं आणि लाल ढिगाऱ्यातून उत्तर यायचं. दातांचे डॉक्टर रोज येऊन विचारायचे, "माझी पँट झाली का?" त्यांची राखाडी पँट कमरेत सैल करायला आली होती. "बरं, बघते," ती म्हणायची, आणि बघायची नाही, कारण पँट कुठे आहे हेच तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. मग त्याच्या शेजारचं. कात्री धरायला तिने दांड्यांना फडकी गुंडाळली. नवऱ्याने विचारलं, "झेपतंय ना? बरं आहे ना?" ती म्हणाली, "बरं आहे." डॉक्टरीणबाईंचं वाकणाऱ्या बोटांविषयीचं वाक्य तिला दिवसातून चार वेळा आठवायचं. पण किल्ली आणि कात्री पर्समध्ये टाकून निघालेली ताई तिला पाच वेळा आठवायची. भीती दोन्हीची होती, आणि खिडकीत बसायची जास्त होती.

पडदा झाला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तो चढवायचा ठरलं. सभागृह मिळालं ते सकाळी नऊला. पडदा वर ओढायची नवी मोटर नवऱ्याने स्वतः बसवली होती, आणि तो रंगमंचाच्या माथ्यावरच्या फळीवर, खालून दिसणार नाही असा, मोटरपाशी बसला होता. खाली पडदा आडव्या नळीला बांधून तयार होता. तो वर जाताना सिंहासनाच्या टोकांत अडकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कड ताणून धरायची होती. डावीकडे ताई, उजवीकडे मास्तरीण. मागे राजा, दोन राण्या, प्रधान आणि अकरा सैनिक रंगीत कपड्यांत उभे होते. राजा म्हणजे आपले दातांचे डॉक्टर.

नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. मास्तरणीने मनगटांनी कड छातीशी दाबून धरली, कारण बोटं तिच्या ताब्यात नव्हती.

वरून आवाज आला, "खेचू का?"

"बरं..." मास्तरीण म्हणाली.

वर मोटरचं बटण दाबायला गेलेला हात वीस वर्षांच्या सवयीने जागच्या जागी थांबला. "बरं म्हणजे काय?"

"म्हणजे... बरं!"

"बरं चालत नाही!" नवरा वरून ओरडला. "काय करू ते सांग!"

सगळं सभागृह तिच्याकडे बघू लागलं. मनगटांतून मखमल एकेक बोट खाली सरकत होती. मोटर सुरू झाली असती तर कड सुटून सिंहासनात अडकली असती आणि वीस दिवसांचं काम टरकन फाटलं असतं. तिने एकदा ताईकडे पाहिलं. ताईची पर्स खांद्यालाच होती. मग मास्तरणीने डोळे मिटले आणि सगळ्या ताकदीने ओरडली, "थांबा! माझी बोटं मिटत नाहीत! मला कड धरवत नाही! सकाळी साडेदहापर्यंत कधीच धरवत नाही!"

नियम म्हणजे नियम. वरून त्याहून मोठ्याने आवाज आला, "थांबतोय! तुझी बोटं मिटत नाहीत! तुला कड धरवत नाही! सकाळी साडेदहापर्यंत कधीच धरवत नाही!"

सभागृहाची रचना अशी होती की शेवटच्या रांगेतही शब्द नीट पोचायचा. मग वरून, बऱ्याच बारीक आवाजात, "कधीच?"

"नऊ वर्षं," मास्तरीण म्हणाली.

तेवढ्यात कड सुटली. मखमल खाली आली, खालची दुमड उलटली, आणि तिच्यातून एक राखाडी पाय बाहेर लोंबू लागला. पाय रिकामा होता. पायाला इस्त्री होती.

"ही माझी पँट!" महाराज ओरडले. पँट दुमडीत चांगली दुहेरी टिपेने शिवली गेली होती. महाराजांनी ओढून पाहिली. मास्तरणीची टीप ती, पडदा हलला पण पँट हलली नाही.

कुणी हसलं नाही, कारण ताई रंगमंच ओलांडून येत होती. तिचा चेहरा पेपर तपासतानाचा झाला होता. "अगं, तू बरी झालीस म्हणाली होतीस."

"बरी झाले असं मी कधीही म्हणाले नाही," मास्तरीण म्हणाली. आता सुटलीच होती तर पुरती सुटली. "बरं वाटतंय म्हणाले. बरी आहे म्हणाले. 'झाले' कुठे म्हणाले? तेहतीस वर्षं काळ शिकवलेस ना लोकांना? आहे आणि झाले यात फरक असतो एवढं तुला कळू नये? हे दुखणं होऊन जात नाही, ताई. ते आहे. उद्याही आहे."

ताईच्या जन्मात तिची व्याकरणाची चूक कुणी काढली नव्हती. बहिणीची सुजलेली दोन बोटं तिने आत्ता कुठे पाहिली. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू किल्ली घेऊन गेलीस."

खांद्यावरची पर्स ताईने हळूच काढून सिंहासनावर ठेवली. वर फळीवरून नवऱ्याचं डोकं खाली डोकावलं होतं. "ताई," तो तिथूनच म्हणाला, "कशी आहेस ते विचारू नका. काय करू ते विचारा."

ताईने विचारलं, "काय करू? सांग."

नऊ वर्षांत हे मास्तरणीला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारू दिलं नव्हतं. "माझ्या बाजूची कड सैनिकांना धरायला लाव," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "आणि दुकान बंद कर म्हणू नकोस."

ताईने वर पाहिलं. वरचं डोकं हललं, परत म्हणा, असं.

"तुझी कड सैनिकांना धरायला लावते," ताई म्हणाली. शब्द स्वच्छ होते, वर्गात पोचतील असे. "आणि दुकान बंद कर म्हणत नाही."

सहा सैनिकांनी कड धरली. पडदा वर गेला. पँट काढायची तर अर्धी दुमड उसवावी लागली असती, म्हणून ती तशीच टाचणीने आत मुडपली. दुसऱ्या दिवशी प्रयोगात टाचणी निघाली, पहिल्या अंकाला पडद्याबरोबर राखाडी पायही वर गेला, आणि पहिल्या रांगेने त्याला वेगळी टाळी दिली. महाराजांनी पुढे महिनाभर ती हकिगत दात काढताना पेशंटना सांगितली. पेशंटना तोंड उघडं ठेवून ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

मास्तरणीने मशीनखालची पाटी काढली, पुसली आणि रोज सकाळी दाराला लावू लागली. साडेदहाला काढायची. आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं, पाटी आहे तोवर मापं देता येतात, कपडे मिळत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सुजलेली बोटं पाहून भरपूर रागावून घेतलं आणि पंधरा दिवस कात्री बंद केली. पंधराच, असं मास्तरणीने त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. घरी नवऱ्याने 'बरं आहे ना' विचारणं सोडलं. आता तो विचारतो, "झाकणं किती सैल करू?" ती म्हणते, "अर्धा फेरा." तो म्हणतो, "अर्धा फेरा करतोय." डबे पडायचे थांबले.

आणि ताईचा फोन आता पावणेअकराला येतो.

"आज काय चालतंय, काय नाही?" ताईने सोळाव्या दिवशी विचारलं.

"उजवा हात आज ऐकतोय. डावा रुसलाय. कात्री चालेल, बटणं नाही जमणार."

"उजवा ऐकतोय, डावा रुसलाय. कात्री चालेल, बटणं नाही जमणार," ताई म्हणाली. "मग बटणं लावायला मी येते."

"तुला येतात?"

"नाही. पण तू सांग, मी परत म्हणते."

मास्तरीण हसली. फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली, "बरं," आणि लगेच तिने जीभ चावली.

"बरं म्हणजे काय?" मास्तरणीने विचारलं.

"म्हणजे ऐकलं गं," ताई म्हणाली. "ऐकलं तुझं."